नऊशे एकतीस

नवी पेठेत हत्तुरेंच्या दुकानातून
चार हजार दोनशेला आणली.
खोक्यावर लिहिलेलं, एक टीबी.
घरी जोडली तर कॉम्प्युटर म्हणाला, नऊशे एकतीस.

फोन लावला. हत्तुरे म्हणाले,
मॅडम, कंपनी हजारानं मोजते, मशीन एक हजार चोवीसनं,
सगळीकडं असंच असतंय.
नान्ना कॉटवरून ऐकत होते.
"आमची चादर चार बोटं आखूड भरली
की कारखानदार मजुरी कापायचा.
त्याला सांगायचं राहिलं बघ,
माझी बोटं वेगळ्या हिशेबाची."

सात महिने वापरून मग लिहायला बसले आहे.
वजन शेंगाचटणीच्या लहान पुडीएवढं.
रंग काळा. पण साखर पेठेत राहत असाल
तर सुताचा तूस आठ दिवसांत बसतो,
पुढं करडाच धरा.
केबल वीतभर.
आमचा सीपीयू टेबलाखाली, दोन विटांवर,
त्यामुळे डिस्क पहिले काही दिवस
वटवाघळासारखी लोंबत होती.
मग स्टूल घेतलं.
स्टुलाचे पैसे वरच्या किमतीत नाहीत.

वेग: मागच्या निळ्या खाचेत लावली तर बरा.
पुढच्या खाचेत लावली
तर चार दिवसांआड येणाऱ्या नळासारखा,
येतं, पण आपण जागं राहायचं.

आत भरलं ते नान्नांचं काम.
छत्तीस वर्षांचे ग्राफ, चारशे बारा कागद,
चौकटी पेन्सिलीनं भरलेल्या, कडेला तेलुगूत आकडे.
त्यावरून पाडलेली जेकार्डची कार्डं
कारखाना बंद पडला त्या वर्षीच रद्दीत गेली,
किलोला सहा रुपये, दोऱ्या वेगळ्या.

"हिच्यात किती कार्डं बसतील?"
त्यांच्या कार्डावर दोनशे चाळीस भोकांची जागा.
भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली.
हीपण आतून तेवढंच जाणते, म्हटलं, आहे आणि नाही.
हिशेब केला. तेहतीस अब्ज.
ते बराच वेळ गप्प.
"आणि ओवायला दोरी?"

मे महिन्यात ती तापली.
दुपारी हात लावून पाहिलं, चहाच्या कपासारखी.
संध्याकाळी येऊन बघते तर
नान्नांनी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली,
धूळ लागू नये म्हणून.
काढा ते, चादरीनं खराब होते, मी ओरडले.
सोलापुरात बसून चादरीला असं
आधी कुणी बोललं नसेल.
तुकडा त्यांनी घडी करून उशाखाली ठेवला.

आता दोष.
कॉपी चालू असताना वीज गेली
तर ती काही बोलत नाही. दिवा विझतो, बस्स.
पुन्हा लावली की सगळी नावं जागच्या जागी दिसतात.
"मोर चार" दिसतो. उघडत नाही.
शून्य केबी.
आणि मूळ कागद, वाळवी लागली म्हणून,
आदल्याच रविवारी मी मागच्या अंगणात पेटवले होते.
न तपासता.
हा दोष डिस्कचा नाही, पण लिहायचा कुठं?

सांगितलं त्यांना.
"तो खपलाच नाही कधी," नान्ना म्हणाले,
"मान जाड झाली होती त्याची.
शेठ म्हणाला, कोंबडा काढलाय."

रात्री पाणी भरायला उठले तीन वाजता.
ते भिंतीकडं तोंड करून, एक बोट पलंगपोसावर
टोचत, उचलत, टोचत.
ओकटि, रेंडु, मूडु, मधे एक जागा सोडून
पुन्हा ओकटि.
मी हंडा हळू टेकवला.
बोट बरंच वर गेलं,
मानेपाशी असावं, तिथं थांबलं,
मागं आलं दोन घरं,
आणि पुन्हा.

घ्यायची तर घ्या. दोन घ्या.
असं हत्तुरेही म्हणतात, पण त्यांचा धंदा आहे.
केबल मात्र लांब मागा.